लाल तूर, पांढरी तूर

प्रश्न १. तुमची पहिली भेट कुठे झाली?

एका भोकापाशी.

म्हणजे असं – मोहरखेड्याच्या केळीच्या बागांमधून तापीकडे जाणारी पायवाट, माझ्या पाठीवर सॅक, डोक्यावर मोठ्ठी टोपी, आकाशात ढगाचा ठिपका नाही. तरीही मी भिजले. डावीकडून पाण्याची एक बारीक, टोकदार धार आली आणि थेट माझ्या कानात गेली.

"थांबा! हलू नका!" केळीच्या पानांआडून आवाज आला.

मी हलले. धार नाकावर आली.

"सांगितलं होतं ना, हलू नका म्हणून."

पानं बाजूला झाली. गुडघाभर चिखलात एक तरुण उकिडवा बसला होता. ठिबक सिंचनाची मुख्य नळी फुटली होती आणि तिच्या भोकावर त्याचा अंगठा होता. अंगठ्याच्या कडेनं पाणी उडत होतं – आता त्याच्याच भुवयांवर.

"जरा धरता का?" तो म्हणाला.

"काय?"

"भोक."

आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या मुलीला असं कुणी विचारतं का? पण त्याचे डोळे पाण्यानं मिटत होते, पापण्या चिकटल्या होत्या, आणि... मी सॅक ठेवली, चिखलात उतरले, दोन्ही अंगठे लावले.

"आलोच जॉइनर घेऊन," म्हणत तो गेला.

तो 'आलोच' खानदेशी होता. मी तिथं इतका वेळ उभी राहिले की एक बगळा येऊन माझ्याकडे बघून, काही निष्कर्ष काढून, उडून गेला. शेवटी तो परत आला तेव्हा त्याच्या एका हातात जॉइनर होता आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास.

"दोन्ही हात गुंतलेत माझे," मी म्हटलं.

"मग मी धरतो भोक. तुम्ही चहा घ्या."

त्याचं नाव प्रशील. पाच-सहा गावांतल्या बागांचं ठिबक आणि नदीवरचे पंप तो दुरुस्त करतो. हे सगळं मला चहा संपायच्या आत कळलं, कारण तो बोलायचा थांबत नाही.

प्रश्न २. कामाचं स्वरूप, थोडक्यात.

मी संघमित्रा. असोद्याची. जळगावच्या एका छोट्या संस्थेसाठी तापीकाठी कासवांची चोरी मोजते.

हे वाक्य म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "पण आपल्याकडे समुद्र कुठे आहे?" माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. ते अजूनही ओळखीच्यांना सांगतात, "पोरगी सर्व्हेत आहे," आणि विषय बदलतात.

तर – वाळूत अंडी घालायला समुद्रच लागतो असं काही नाही. पूर ओसरला की तापीत वाळूचे पट्टे उघडे पडतात. त्यांना इकडे भाठा म्हणतात. नदीची कासवं भाठ्यावर येतात, खड्डा करतात, अंडी घालतात, वर वाळू सारतात आणि निघून जातात. मग माणसं येतात. कुणाची कंबर दुखत असते, कुणाकडे पाहुणा असतो, कुणाला शहरातून मागणी असते. मोहरखेड्यासमोरच्या भाठ्यावर मला दोन घरटी उकरलेली दिसली होती. तळाशी टरफलं आणि बाजूला चपलांचे ठसे.

आता, कासव मारणं, अंडी काढणं हा गुन्हा. मग मोजायचं कसं? "काका, गुन्हा केला का हो?" असं विचारलं तर काका काय सांगणार?

म्हणून पिशवी.

कापडाच्या पिशवीत तुरीचे दाणे – निम्मे लाल, निम्मे पांढरे, चांगले घोळलेले. माणसानं हात घालायचा, एक दाणा काढायचा, मला न दाखवता बघायचा, परत टाकायचा. लाल आला तर डोळे मिटून 'हो' म्हणायचं. पांढरा आला तर खरं काय ते सांगायचं: या हंगामात कासव किंवा त्याची अंडी काढली का? मला फक्त 'हो' किंवा 'नाही' ऐकू येतं. दाणा लाल होता की पांढरा, ते फक्त त्या माणसाला ठाऊक. शंभरातले पन्नासेक 'हो' तर लालमुळेच येणार. त्याच्या वर जेवढे 'हो', ते पांढरा दाणा आलेल्या निम्म्या लोकांतले; त्यांची दुप्पट म्हणजे अख्ख्या गावातली चोरी. गावाचा आकडा कळतो, माणूस कळत नाही.

आणि एक नियम, पिशवीहून मोठा – नंतर कुणालाही, कधीही विचारायचं नाही.

चहाचा ग्लास खाली ठेवून मी पिशवी पहिल्यांदा पुढे केली ती प्रशीलपुढेच. त्यानं हात घातला. दाणा मुठीत घेतला, मान वळवून बघितला, परत टाकला. मग माझ्याकडे बघितलं – जरा जास्तच वेळ.

"हो," तो म्हणाला.

त्याच्या चपलांना ओली वाळू लागली होती.

प्रश्न ३. (उत्तर 'हो' असल्यास) त्यानंतर तुम्हाला झोप लागली का?

नाही.

प्रश्न ४. गावातल्या लोकांचा प्रतिसाद कसा होता?

फारच चांगला. तिथंच माझा घात झाला.

प्रशील म्हणाला, "मी दाखवतो घरं. नाहीतर कुत्री दाखवतील." त्यानं पहिल्यांदा नेलं शेवंताबाईंकडे. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी नियम सांगितला. त्यांनी पिशवीत हात घातला, मूठभर तूर बाहेर काढली, दोन दाणे तोंडात टाकले.

"वल्ली शे हाई तूर. कोठेन आनी वं माय?"

"अक्का, ती खायची नाही... एकच दाणा काढायचा."

"एक दानानी काय डाळ व्हई?"

त्यांची सून भाविका दारात तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी शेवंताबाईंनी एक दाणा काढला, निरखला आणि म्हणाल्या, "नही. मी कसाले खासू कासव?"

मी 'नाही' लिहून घेतलं. माझा चेहरा जरा वेडावाकडा झाला, त्याचं कारण पुढं येईल. त्या दिवशी तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र गाव बदललं. प्रत्येक घरी पाट, पाणी, चहा. माणसं पिशवीत हात घालायची, दाणा बघायची – काही जण तर बघायचेही नाहीत – आणि हसून म्हणायची, "हा!" एक आजोबा हात घालायच्या आधीच "हा" म्हणाले. मोतीलाल आबा, गळ्यात माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा नाही, तीनदा म्हणाले, "हा हा हा. लिखी ल्या."

प्रशील सगळीकडे मागं उभा. मी वर बघितलं की तो माझ्या चेहऱ्याकडेच बघत असायचा, आणि पटकन खाली बघायचा.

"काय बघताय?"

"काही नाही... ऊन लागतंय का तुम्हाला?"

"सावलीत बसलेय मी."

"मग बरं."

वाटेत त्याला बोलायचं असायचं. "मॅडम, त्या दिवशी माझा दाणा –"

मी दोन्ही कानांवर हात ठेवायचे.

"अहो, पण ऐका तरी, तो –"

"ला ला ला ला!" मी भर रस्त्यात ओरडायचे. गावातल्या शेळ्या थांबून बघायच्या.

त्यानं सांगितलं असतं तर नियम मोडला असता. नियम मोडला की पिशवी मेली. आणि खरं सांगू – त्यानं 'पांढरा होता' म्हटलं असतं तर? पाण्यानं चिकटलेल्या पापण्या, चहाचा ग्लास, आणि उकरलेलं घरटं. मला एकाच माणसात हे सगळं नको होतं.

प्रश्न ५. निष्कर्ष.

मी असोद्याला परतले तोच फोनवर आमचे सर होते. सर मोठे शांत आहेत, म्हणून जास्त भीती वाटते.

"संघमित्रा, मोहरखेड्याचा आकडा बघितला मी."

"हो सर."

"तुमच्या हिशेबानं त्या गावात एक बाई सोडून प्रत्येक माणसानं या हंगामात कासव खाल्लं आहे."

"...हो सर."

"तापीत कासव उरलंय का? की पुढच्या आठवड्यात तुम्हालाच खातील?"

मी वहीतले 'हो' पुन्हा मोजायला लागले.

"हे बघा. भाठ्यावर राखण ठेवायची तर ती एकाच गावात ठेवता येईल. आकडा विश्वासाचा असेल तिथंच. आठवडाभरात मोहरखेड्याचा आकडा पुन्हा घ्या, नाहीतर राखण दुसरीकडे जाईल."

दुसरीकडे गेली तर मोहरखेड्याच्या भाठ्यावर पुढच्या हंगामातही टरफलंच दिसणार. मी पहिल्या बसनं निघाले.

प्रश्न ६. चुकीचं कारण. योग्य पर्यायासमोर खूण करा.

(अ) दाणे नीट घोळले नव्हते.
(आ) लोकांना नियम कळला नाही.
(इ) प्रशील.

शेवंताबाईंनी मला बघितलं आणि ओट्यावरून हाक मारली. "उनी का वं माय! बठ्ठास्नी हा म्हनं ना? आते खूश शे ना तू?"

"सगळे 'हो' म्हणाले म्हणून मी... खूश?"

"मी पहिले नही म्हनी, तं तुनं तोंड इतलंसं व्हई गयं. मंग प्रशील घरेघर सांगी गया – पोर लांबथून उनी शे, तिले नही म्हनू नका."

तो नदीवर पंप खोलून बसला होता. हातभर ग्रीस. मी भाठ्यावरून सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तुम्ही गावाला 'हो' म्हणायला सांगितलं?"

तो उठला, बसला, परत उठला. "सांगितलं."

"का?"

"शेवंताक्का 'नाही' म्हणाल्या तेव्हा तुमचा चेहरा असा..." त्यानं ग्रीसच्या हातानं आपला चेहरा करून दाखवला. तो खरोखर फार दुःखी चेहरा होता. "मला वाटलं, इतक्या लांबून येतात, उन्हातान्हाचं विचारतात, आणि माणसं तोंडावर नाही म्हणतात. बघवलं नाही मला."

"मला मुंगी चावली होती!"

"...काय?"

"ओट्यावर! मुंगळा! मांडीला! मी ओरडू शकत नव्हते, अक्का उत्तर देत होत्या!"

नदी शांत वाहत होती. प्रशीलच्या नाकावर ग्रीस होतं.

"म्हणजे," तो अगदी हळू म्हणाला, "एका मुंगळ्यापायी अख्खं गाव कासवखाऊ झालं."

मला हसायचं नव्हतं. मला रागवायचं होतं, बसमध्ये मी चांगली चार वाक्यं तयार केली होती. पण मी भाठ्यावर मटकन बसले, हसत. तोही बसला – जरा लांब. मग हसू ओसरलं आणि मी त्याला राखणीचं सांगितलं. तेव्हा त्याचा चेहरा खराच पडला. मुंगळ्याशिवाय.

"मी फिरवलेलं गाव मीच सरळ करतो," तो म्हणाला.

प्रश्न ७. पुन्हा माहिती घेताना आलेल्या अडचणी.

केळीचे ट्रक भरतात त्या मोकळ्या जागेत दुपारी गाव जमलं. प्रशीलनं उभं राहून कबूल केलं की आपण चुकीचं सांगितलं होतं.

"आता पाहुणचार नको. पांढरा दाणा आला तर खरं ते सांगा."

मग मोतीलाल आबा उठले. "मनी गयामा माळ शे. पावनीले नही कसं म्हननं, म्हनीसन हा म्हनू. आते मी कासव खाऊ झाया का?"

"नाही आबा, ते खोडलंय सगळं."

"आनि जेन्ही खरंच खादं, त्यानं काय? खरं सांगं तं वनखातानी गाडी दारशी!"

"पिशवीला माणूस ओळखता येत नाही, आबा. मलाही येत नाही."

"कसावरथून?"

सगळ्यांच्या तोंडावर तेच. आधी सगळे 'हो' म्हणाले होते. आता सगळे 'नाही' म्हणणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. प्रशील माझ्या कानाशी वाकला. "असा एखादा प्रश्न विचारून दाखवा ना, ज्याची भीती वनखात्यापेक्षा मोठी आहे."

"वनखात्यापेक्षा मोठी?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी समोर बघितलं. शेवंताबाई खुर्चीवर. मागं भाविका, पदर सावरून. तिच्या शेजारी गावातल्या सगळ्या सुना, आणि त्यांच्यापुढं ओळीनं सगळ्या सासवा.

मी पिशवी उचलली. "सुनांनी पुढं या. लाल दाणा आला तर 'हो' म्हणायचं, काहीही असो. पांढरा आला तर खरं सांगायचं. प्रश्न असा – सासूच्या हातचं जेवण तुम्हाला नकोसं वाटतं का?"

ट्रकवरचे हमाल खाली उतरले.

पहिली सून आली. हात घातला, दाणा बघितला, परत टाकला. "हो."

तिची सासू ताडकन उठली. "काय म्हनी तू?"

"लाल असेल ना, मावशी," मी म्हटलं. "नाहीतर नसेलही. कुणाला कळणार?"

दुसरी – "नाही." तिसरी – "हो." चौथीनं 'हो' इतक्या आनंदानं म्हटलं की पुरुषांत हशा पिकला. मग भाविका. तिनं दाणा बघितला, डोळे मोठे केले, सासूकडे वळली आणि गोड हसून म्हणाली, "हो, आत्याबाई."

"लाल व्हता का?" शेवंताबाई कडाडल्या.

"सांगायचं नाही असा नियम आहे ना, आत्याबाई."

"मॅडम! हाई सांग, लाल व्हता का?"

"मला माहीत नाही, अक्का. शपथ."

शेवंताबाईंनी भाविकाकडे बघितलं, पिशवीकडे, माझ्याकडे, परत भाविकाकडे. सून निर्धास्त उभी. सासूला काहीच करता येईना. आणि तेव्हा – आधी बायकांत, मग पुरुषांत – ते कळलं. गावातल्या सगळ्यात चतुर बाईला समोर उभ्या असलेल्या सुनेचं मन पिशवीपलीकडून दिसत नव्हतं. वनखात्याची काय कथा!

मोतीलाल आबांनी बाह्या सरसावल्या. "आना ती थैली."

या वेळी माणसं दाणा नीट बघत होती. काही जण 'नाही' चटकन म्हणत होते, काही जण थांबून 'हो' म्हणत होते. जमिनीकडे बघत. मला कुणाचंच काही कळलं नाही, आणि संध्याकाळी हिशेब केला तेव्हा गावाचं सगळं कळलं. दर चार माणसांत एक.

सर फोनवर म्हणाले, "हां. आता ही माणसं वाटतात." राखण मोहरखेड्याला मिळाली. राखणीसाठी पहिलं नाव दिलं मोतीलाल आबांनी.

त्या दुपारी रांगेत सगळ्यात शेवटी प्रशील होता. त्यानं दाणा काढला, बघितला, परत टाकला. या वेळी त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," तो म्हणाला.

प्रश्न ८. आणखी काही सांगायचं आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडायला आला. एसटी यायची होती. दोन्ही बाजूंना केळी, रस्त्यावर कोवळं ऊन. तो मोटारसायकल चालू ठेवून बसला होता, मी खाली उतरून उभी.

"संघमित्रा."

मॅडम नाही. पहिल्यांदाच.

"हं..."

"दोनदा 'हो' म्हटलंय मी. तुला वाटत असेल ना, हा रोज नदीवर असतो, चपलांना वाळू असते..."

"वाटतं," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? रोज वाटतं."

"मग सांगू दे ना एकदा. जे असेल ते. चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट."

मी कानांवर हात नेले... आणि खाली घेतले. आता कान झाकून पळ काढायचा नव्हता.

"नको सांगूस. तू मला सांगितलंस हे आज ना उद्या गावाला कळणार. मग लोक म्हणतील, मॅडमनं प्रशीलचं काढून घेतलं, आपलंही काढेल. ज्यांनी मान खाली घालून 'हो' म्हटलं, त्यांना मी शब्द दिलाय."

"पण तू मला चोर समजत राहशील."

"कधीकधी समजेन. कधीकधी नाही समजणार. पण... तू गावासमोर उभा राहून स्वतःची चूक सांगितलीस, तेव्हाच माझं ठरलं. जे कळणार नाही ते नाही कळलं तरी मला चालेल. तुला चालेल का?"

त्यानं हँडलवरचं ग्रीस अंगठ्यानं पुसलं. स्वतःला कधीच निर्दोष ठरवता येणार नाही, हे कबूल करणं सोपं नव्हतं. निर्दोष असला तर. आणि नसला तर... तर कधीच मन मोकळं करता येणार नाही, तेही सोपं नव्हतं.

"चालेल," तो म्हणाला. मग घाबरून, "कायमचं?"

"कायमचं."

"लग्नानंतर पण?"

"लग्नानंतर पण."

केळीची पानं हलली. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे. आपण काय बोललो ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले, त्यानं गिअर टाकला आणि – निघून गेला.

खरंच. सुसाट. मी फाट्यावर एकटी, हातात सॅक. लांबवर त्याची पाठ दिसत होती आणि तो मान तिरकी करून कुणाशी तरी बोलत होता, हातवारे करत होता. वळणावर दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं मोटारसायकलचा आवाज परत आला. चेहऱ्यावर घाम.

"मला वाटलं, तू मागं बसलीस," तो धापा टाकत म्हणाला. "घरी आईला काय सांगायचं, तुझ्या बाबांना कधी भेटायचं, सगळं बोललो मी. मग विचारलं, तर तू उत्तरच देईना. मागं बघतो तर..."

"काय विचारलंस?"

"पुन्हा विचारू?"

"विचार. गाडी बंद करून विचार."

त्यानं गाडी बंद केली. एकदम इतकं शांत झालं की मागच्या बागेत ठिबकचं पाणी मुळांशी पडताना ऐकू येत होतं. तो बोलायला लागला, अडखळला, परत लागला...

तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला, आमच्याकडे बघितलं, हॉर्न दिला. आम्ही दोघांनीही हात केला नाही.